हा पैसा कधी लागणार? घराजवळची बँक आणि पडणारा बाजार

पाऊस असूनही तुम्ही एवढे जण आलात. काहींना भातसेचा पूल ओलांडून परत जायचं आहे, तेव्हा प्रस्तावना लांबवत नाही.

मागच्या वेळी व्याख्यान संपल्यावर दोन जण मागे थांबले होते. त्यांच्या परवानगीने, नावं न घेता, त्यांची हकीकत सांगतो. आजचा सगळा विषय त्यातच आहे.

एक तरुण आहे, आसनगावच्या बाजूला गोदामात नोकरी करतो. बहिणीच्या लग्नासाठी घरात चार लाख रुपये जमले होते. २०२४ च्या सप्टेंबरमध्ये त्याने ते मोबाईलवरून स्मॉल कॅप म्युच्युअल फंडात टाकले. मित्रांचे पैसे वर्षात दीडपट झालेले त्याने पाहिले होते. लग्न एप्रिलमध्ये ठरलेलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात पैसे काढायला गेला, तर हातात आले तीन लाखांच्या आसपास. उरलेले एक लाख त्याने उसनवारीने उभे केले, आणि आता तो शेअर बाजाराचं नाव काढलं की हात जोडतो.

दुसरे एक काका. समृद्धी महामार्गात जमीन गेली. त्याचे अठरा लाख रुपये सगळेच्या सगळे एकाच पतसंस्थेत मुदत ठेवीत आहेत. का, तर तिथला व्यवस्थापक ओळखीचा, व्याज बँकेपेक्षा दीड-दोन टक्के जास्त, आणि शाखा एसटी थांब्याच्या समोर. काका म्हणाले, "आपण काय त्या सट्ट्यात पडलो नाही. आपला पैसा सुरक्षित आहे ना?"

आम्हाला विचाराल, तर काकांची काळजी आम्हाला त्या मुलापेक्षा जास्त वाटली. मुलाचं नुकसान झालं ते डोळ्यांसमोर झालं, मोबाईलच्या पडद्यावर लाल अक्षरात झालं. काकांच्या पैशाला धोका आहे की नाही हे कुठल्याच पडद्यावर दिसत नाही.

दोघांनी एकेक प्रश्न विचारायचा राहून गेला. मुलाने विचारायला हवं होतं, हा पैसा मला कधी लागणार? काकांनी विचारायला हवं होतं, हा पैसा बुडाला तर भरून देणारा कोण? आज आपण हे दोन्ही प्रश्न नीट बघू. आधी बाजार घेऊ, कारण त्याबद्दल गैरसमज जास्त आहेत.

आपल्यापैकी बहुतेकांनी म्हशाची यात्रा बघितली असेल. पौष पौर्णिमेला भरते, मुरबाड तालुक्यातच. तिथला बैल बाजार आठवा. समजा तुमची चांगली जोडी आहे, पहिल्या दिवशी तिला कोणी लाख रुपये सांगितले. तिसऱ्या दिवशी बाजार मंदावला. गिऱ्हाईक कमी, विकणारे जास्त, परत जायला गाडीभाडं लागतं म्हणून चारजणांनी आपल्या जोड्या सत्तर हजाराला देऊन टाकल्या. आता तुमच्या जोडीला कोणी लाख देईल का? नाही. तोही सत्तरच म्हणेल. तुमच्या बैलांना काय झालं? काही नाही. कालच्याइतकंच ओढतात, कालच्याइतकाच चारा खातात. भाव बदलला, बैल तेच आहेत.

मग तुमचे तीस हजार कुठे गेले? कोणीही नेले नाहीत. ते तुमच्या खिशात कधी आलेच नव्हते. ज्याने सत्तरला विकले त्याचं नुकसान खरं. ज्याने दावं सोडलं आणि जोडी घरी आणली त्याचं नुकसान अजून झालेलं नाही, आणि होईल की नाही हे पुढच्या बाजारावर आहे.

टीव्हीवर बातमी येते, "गुंतवणूकदारांचे इतके लाख कोटी बुडाले." तो आकडा असाच काढतात. दिवसाच्या शेवटी शेअरचा जो भाव असतो, त्याने कंपनीच्या सगळ्या शेअरना गुणायचं. त्या दिवशी प्रत्यक्षात खरेदी-विक्री झालेली असते शेकड्यात एखाद्या शेअरची, पण भाव लागतो सगळ्यांना. चार जोड्या सत्तरला गेल्या म्हणून अख्ख्या तालुक्यातल्या बैलांची किंमत सत्तर धरली, असा तो हिशेब. आकडा खोटा नाही, पण कोणीतरी पोती भरून पैसे पळवले असा जो अर्थ आपण लावतो तो चुकीचा आहे.

आता दावं सोडून घरी यायचं कोणाला जमतं? ज्याला त्या रात्री पैशाची गरज नाही त्याला. ज्याला उद्या दुकानदाराची उधारी द्यायची आहे, तो सत्तर काय, साठलाही देईल. त्या मुलाचं तेच झालं. लग्नाची तारीख ठरलेली होती. बाजाराला ती माहीत असण्याचं काही कारण नव्हतं.

बाजार पडतो कशाने, हेही थोडं बघू. कारणं दर वेळी वेगळी असतात, पण रीत बरीचशी सारखी. आधी भाव कमाईच्या पुढे पळतात. कंपनीचा नफा वर्षाला दहा टक्के वाढतोय आणि शेअर चाळीस टक्के, असं दोन-तीन वर्षं चाललं की कुठेतरी ताण येतो. मग एखादं निमित्त होतं, आणि मोठे गुंतवणूकदार विकायला लागतात. २०२४ च्या सप्टेंबर अखेरीस सेन्सेक्स ८५,८०० च्या वर बंद झाला होता. कंपन्यांचे नफे अपेक्षेएवढे आले नाहीत, आणि परदेशी संस्थांनी ऑक्टोबर या एकाच महिन्यात लाख कोटी रुपयांच्या घरात शेअर विकले. २८ फेब्रुवारी २०२५ ला सेन्सेक्स ७३,२०० पर्यंत आला. म्हणजे साधारण पंधरा टक्क्यांची घसरण. लहान कंपन्यांचे शेअर मात्र चतुर्थांशाच्या आसपास पडले. आपल्या मुलाचे पैसे नेमके तिथे होते. बाजार वर जातो तेव्हा लहान कंपन्या जास्त पळतात, खाली येतानाही त्याच जास्त घसरतात, कारण त्यांना घेणारे मुळात थोडे असतात.

पडत्या बाजारात आणखी एक गोष्ट होते. काहींनी उसन्या पैशावर शेअर घेतलेले असतात. भाव पडला की दलाल म्हणतो, आणखी पैसे भरा. नाही भरले तर तो शेअर विकून मोकळा होतो. त्या विक्रीने भाव आणखी पडतो, मग पुढच्या माणसाला पैसे भरायचा निरोप जातो. पहिली दहा टक्के घसरण बातमीमुळे असेल, पुढची पुष्कळदा या सक्तीच्या विक्रीमुळे असते.

मग एप्रिलमध्ये अमेरिकेने आयात शुल्क जाहीर केलं आणि ७ एप्रिल २०२५ ला एकाच दिवसात सेन्सेक्स २,२२६ अंकांनी पडला. सगळीकडे हाहाकार. आणि जून अखेरीस तोच सेन्सेक्स ८४,००० च्या वर होता. त्या मुलाने हे सांगितलं तेव्हा त्याचा आवाज कापत होता. "चार महिने थांबलो असतो तर!" पण लग्न चार महिने थांबणार नव्हतं. त्याची चूक मार्चमध्ये विकण्याची नव्हती. त्याला दुसरा मार्गच नव्हता. चूक सप्टेंबरमध्ये झाली.

याआधीच्या पडझडींचेही आकडे सांगतो, कारण "बाजार पडला तरी परत येतोच" हे वाक्य हल्ली फार सहज बोललं जातं.

२००८ च्या जानेवारीत सेन्सेक्स २०,८७३ वर बंद झाला होता. अमेरिकेतल्या बँका अडचणीत आल्या, आणि ९ मार्च २००९ ला तो ८,१६० वर होता. शंभराचे चाळीसही उरले नाहीत. पुन्हा २१,००० दिसले ते नोव्हेंबर २०१० च्या दिवाळीत. म्हणजे जवळजवळ तीन वर्षं. २०२० मध्ये कोरोना आला. २३ मार्चला एका दिवसात तेरा टक्के घसरण, सेन्सेक्स २५,९८१ वर. जानेवारीच्या उंचीपासून अडतीस टक्के खाली. पण त्याच नोव्हेंबरात बाजार जुन्या उंचीच्या वर गेला. एकदा तीन वर्षं लागली, एकदा दहा महिने. आधी कळत नाही ते हेच.

आणि आता १९९२. हर्षद मेहता प्रकरण ज्यांना आठवतं त्यांनी हात वर करा. हं, पुष्कळ आहेत. एप्रिल १९९२ मध्ये सेन्सेक्स ४,४०० च्या वर गेला आणि वर्षभरात निम्म्याहून खाली आला. मध्ये तो वर गेला, पुन्हा खाली आला, आणि २००३ च्या एप्रिलमध्ये, म्हणजे अकरा वर्षांनी, तो ३,००० च्या आसपास होता. अकरा वर्षं! पोरगी पहिलीत असताना पैसे टाकले असते तर ती बारावीला गेली तरी मुद्दल पूर्ण नव्हतं. जपानचं तर विचारूच नका. तिथला निक्केई निर्देशांक १९८९ च्या डिसेंबरात ज्या उंचीवर होता, ती त्याने पुन्हा ओलांडली २०२४ च्या फेब्रुवारीत. चौतीस वर्षांनी.

हे घाबरवायला सांगत नाही. आम्ही स्वतः बाजारात पैसे ठेवतो. पण "पाच वर्षं थांबा, मग नुकसान होत नाही" असं कोणी सांगितलं, तर तो नियम नाही, एवढं लक्षात ठेवा. थांबल्याने शक्यता सुधारते, हमी मिळत नाही.

बैलाच्या उदाहरणाला आणखी एक मर्यादा आहे. बाजार पडला म्हणून परत आणलेला बैल धडधाकट असेल तर ठीक. पण लंगडा असेल तर? पुढच्या वर्षी त्याला सत्तरही येणार नाहीत. एका कंपनीचा शेअर पडतो तेव्हा कंपनीच आजारी असू शकते. कित्येक कंपन्यांचे शेअर एकदा पडले ते परत उठलेच नाहीत, काही तर बाजाराच्या यादीतूनच गेल्या. सेन्सेक्समध्ये तीस कंपन्या असतात आणि आजारी पडलेल्या कंपन्या काढून त्यांच्या जागी दुसऱ्या घेतल्या जातात. म्हणून "बाजार परत येतो" हे निर्देशांकाबद्दल बऱ्याच अंशी खरं ठरलं आहे, तुमच्याकडच्या एखाद्या शेअरबद्दल ते खरं असेलच असं नाही. ज्याला कंपन्यांचे ताळेबंद वाचता येत नाहीत किंवा वाचायला वेळ नाही, त्याने निर्देशांकाचा साधा म्युच्युअल फंड घ्यावा. हे आमचं मत आहे, आणि त्यात आम्हाला कोणाचं कमिशन नाही.

आता काकांकडे येऊ.

घराजवळ पैसे ठेवायच्या जागा आपल्याकडे पुष्कळ आहेत. पोस्ट आहे, शहापूरला सरकारी आणि खाजगी बँका आहेत, ठाणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँक आहे, पतसंस्था आहेत, बचत गट आहेत, आणि भिशी तर प्रत्येक आळीत आहे. बाहेरून बघितलं तर सगळीकडे सारखंच दिसतं. काउंटर, पासबुक, शिक्का. पण पैसा अडकला तर पाठीशी कोण उभं राहणार, याचं उत्तर प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे.

पोस्टाच्या बचत योजनांमागे केंद्र सरकार आहे. तिथे मर्यादेचा प्रश्न नाही, जेवढी रक्कम आहे तेवढीची हमी. बँकेत, मग ती सरकारी असो, खाजगी असो, जिल्हा बँक असो की नागरी सहकारी बँक, ठेव विमा महामंडळाचा विमा असतो. एका ठेवीदाराला एका बँकेत, सगळ्या शाखा मिळून, मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंत. त्याचा हप्ता बँक भरते, तुम्हाला अर्ज करावा लागत नाही. ही मर्यादा फेब्रुवारी २०२० मध्ये पाच लाख झाली. त्याआधी १९९३ पासून ती एक लाखच होती. हा विमा आला तोसुद्धा बँका बुडाल्यावरच. १९६० मध्ये केरळमधली पलाई सेंट्रल बँक आणि आपल्या अकोल्याची लक्ष्मी बँक बुडाली, आणि १ जानेवारी १९६२ ला महामंडळ सुरू झालं. तेव्हाचं संरक्षण होतं दीड हजार रुपये.

पतसंस्थेतल्या ठेवीला हा विमा नाही. परत सांगतो, कारण इथेच सगळ्यांची गल्लत होते. पतसंस्था सहकार कायद्याखाली नोंदलेली असते, तिच्याकडे रिझर्व्ह बँकेचा बँकिंग परवाना नसतो, आणि ठेव विम्यात ती येत नाही. गावातली विविध कार्यकारी सोसायटीही येत नाही. पतसंस्थेला नावात "बँक" लावायचीसुद्धा परवानगी नाही. तरी आपण बोलताना "बँकेत टाकले" म्हणतो, आणि हळूहळू आपल्यालाच ते खरं वाटायला लागतं.

याचा अर्थ पतसंस्था वाईट असा कोणी काढू नका. महाराष्ट्रात हजारो पतसंस्था नीट चालल्या आहेत. ज्या माणसाला बँकेचा शिपाईसुद्धा आत येऊ देत नव्हता, त्याला टपरीसाठी वीस हजारांचं कर्ज दोन दिवसांत पतसंस्थेनेच दिलं. तिचं काम आहे ते. पण काकांना दीड-दोन टक्के जास्त व्याज का मिळतं, याचं उत्तर त्यातच आहे. बँक ज्याला कर्ज देत नाही त्याला पतसंस्था देते, जास्त व्याजाने देते, त्यातले काही परत येत नाहीत. तो धोका कोणीतरी उचलतो, आणि त्याची मजुरी म्हणजे ते दीड-दोन टक्के. अठरा लाखांवर दोन टक्के म्हणजे वर्षाला छत्तीस हजार. महिन्याला तीन हजार रुपयांसाठी काकांनी विकलेल्या जमिनीची पूर्ण रक्कम जोखमीवर लावली आहे, आणि त्यांना वाटतंय आपण सट्ट्यापासून लांब आहोत.

आमच्यापैकी एकाच्या घरी हे घडलेलं आहे. वडिलांच्या निवृत्तीचे पैसे एका पतसंस्थेत होते, संचालक सगळे ओळखीचे. एक दिवस सांगितलं, महिन्याला दोन हजारच मिळतील. नंतर तेही बंद झाले. संचालक रस्त्यात भेटले की मान खाली घालून जायचे. त्यांनीही आपल्या मुलांचे पैसे तिथेच ठेवले होते, ही गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली. तेव्हा ओळख म्हणजे हमी नव्हे, आणि ओळखीचा माणूस खोटं बोलत असतो असंही नव्हे. त्यालाच माहीत नसतं.

बँकेचंही तसंच समजा. पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँक, म्हणजे पीएमसी, चांगली मोठी बँक होती, शाखा कितीतरी, मुंबई-ठाण्यातले लाखो ठेवीदार. तिने आपल्या कर्जांपैकी सत्तर टक्क्यांच्या वर एकाच बांधकाम समूहाला दिलं होतं, आणि ते लपवायला एकवीस हजारांहून जास्त खोटी खाती दाखवली होती. २३ सप्टेंबर २०१९ ला रिझर्व्ह बँकेने निर्बंध घातले. पहिल्या आदेशात एका खातेदाराला काढता येणार होते फक्त एक हजार रुपये. नंतर मर्यादा वाढत गेली, पण ज्यांचं आजारपण, घराचा हप्ता, मुलाची फी त्या खात्यावर अवलंबून होती, त्यांचं काय झालं ते वर्तमानपत्रात वाचलंत तुम्ही. जानेवारी २०२२ मध्ये ती बँक युनिटी स्मॉल फायनान्स बँकेत विलीन झाली. पाच लाखांच्या आतले बहुतेक सुटले, वरच्या रकमेला वर्षानुवर्षांचे हप्ते लागले.

यातून एक बरी गोष्ट निघाली. २०२१ मध्ये कायदा बदलला, आणि आता बँकेवर असे निर्बंध आले तर विम्याची रक्कम साधारण नव्वद दिवसांत द्यायची असं ठरलं. पूर्वी बँक कायमची बंद होईपर्यंत वाट बघावी लागायची. पण नव्वद दिवस हेही तीन महिनेच आहेत. म्हणून घरखर्चाचा आणि दवाखान्याचा पैसा दोन बँकांत असावा.

जिल्हा बँकेबद्दल कोणीतरी चिठ्ठी पाठवली आहे. तिथे विमा आहे, पाच लाखांपर्यंत. शेतकऱ्याने तिच्याशी संबंध ठेवावाच, कारण सोसायटीमार्फत पीक कर्ज तिथून मिळतं, आणि तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर राज्य सरकारच्या सवलतीमुळे व्याज लागत नाही. भात कापून झालं की हातात पैसा असतो, तेव्हा कर्ज भरायचा कंटाळा करू नका. मुदत चुकली की सवलत गेली. आम्ही असे लोक पाहिलेत की बिनव्याजी कर्जाची मुदत चुकवतात आणि त्याच पैशाने मोबाईलवर शेअर घेतात.

पोस्टाचं बोलायचं तर ज्यांचं वय साठच्या पुढे आहे त्यांच्यासाठी ज्येष्ठ नागरिक बचत योजना आहे. कमाल तीस लाख, पाच वर्षांची मुदत, सध्याचा दर ८.२ टक्के. दर तिमाहीला सरकार दर ठरवतं, पण तुम्ही खातं उघडलं त्या दिवशीचा दर पूर्ण पाच वर्षं तुम्हाला लागू राहतो. काकांनी समजा अठरा लाख तिथे ठेवले, तर दर तीन महिन्यांनी ३६,९०० रुपये व्याज. साठच्या आत असाल तर मासिक प्राप्ती योजना आहे, एकट्याच्या नावे नऊ लाखांपर्यंत, दर ७.४ टक्के, म्हणजे नऊ लाखांवर महिन्याला ५,५५० रुपये. पोस्टात रांग असते, फॉर्म किचकट असतो, पोस्टमास्तर कधी जेवायला गेलेले असतात, सगळं मान्य. एकदा त्रास घ्या.

आणखी एक पोस्टाची योजना लक्षात ठेवण्यासारखी आहे, किसान विकास पत्र. सध्याच्या ७.५ टक्के दराने पैसे दुप्पट व्हायला ११५ महिने लागतात. म्हणजे साडेनऊ वर्षांच्या वर. हा आकडा पाठ करा. सरकारला, जे स्वतः हमी देतं, तुमचे पैसे दुप्पट करायला साडेनऊ वर्षं लागतात. मग एखादा माणूस पांढऱ्या गाडीतून येऊन "दोन वर्षांत डबल, लेखी देतो" म्हणतो, तेव्हा तो लेखी काय देतोय याचा विचार करा. बाजार पडला की अशा माणसांचं फावतं. लोक बाजाराला घाबरलेले असतात, बँकेचं व्याज कमी वाटतं, आणि मधल्या फटीत हा शिरतो. महामार्गाचा मोबदला मिळाला त्या गावांत २०१७ नंतर अशा किती गाड्या फिरल्या, ते तुम्हीच आम्हाला सांगू शकाल.

तर आता काकांच्या अठरा लाखांचं आम्ही काय केलं असतं ते सांगतो. हा सल्ला प्रत्येकाला लागू नाही, विचार करायची पद्धत म्हणून बघा. आधी कागदावर तारखा लिहिल्या असत्या. वर्षभराचा घरखर्च आणि दवाखाना, तीन लाख: हे दोन बँकांच्या बचत खात्यात आणि लहान मुदत ठेवीत. दोन वर्षांत घराचं छप्पर घालायचं आहे, पाच लाख: बँकेची मुदत ठेव, दोन बँकांत विभागून, म्हणजे व्याज धरूनही पाच लाखांच्या आत राहतं. महिन्याचा आधार म्हणून आठ लाख: पोस्ट. उरले दोन लाख, नातवाच्या शिक्षणासाठी, ज्याला दहा-बारा वर्षं हात लावायचा नाही. एवढेच बाजारात, तेही एकदम न टाकता दरमहा थोडे. हे दोन लाख उद्या लाख झाले तरी काकांच्या घरातली चूल, छप्पर आणि औषध यांतलं काही बदलत नाही.

मुलाच्या चार लाखांना तर सात महिन्यांनंतरची तारीख होती. त्याला बँकेच्या ठेवीशिवाय दुसरी जागाच नव्हती. सात महिन्यांचं व्याज आलं असतं पंधरा-सोळा हजार. त्याला ते फार कमी वाटलं होतं.

आता प्रश्न घेऊ.

ताई विचारतात, दर महिन्याची एसआयपी चालू आहे, बाजार पडला की बंद करावी का. ताई, पैसा कधी लागणार? मुलीला कॉलेजला अजून नऊ वर्षं. मग बंद करायचं कारण दिसत नाही, उलट पडत्या भावात त्याच हजार रुपयांत जास्त युनिट येतात. पण नोकरी गेली असेल किंवा घरात आजारपण असेल तर खुशाल थांबवा, त्याचा दंड फंडवाले घेत नाहीत. बँकेत मात्र हप्त्याच्या दिवशी पैसे नसले तर बँक दंड कापते, म्हणून आधी कळवा. आणि शेवटची दोन-तीन वर्षं उरली की थोडे थोडे काढून बँकेत आणत जा. कॉलेजची फी भरायच्या आदल्या महिन्यापर्यंत बाजारात ठेवू नका.

मागच्या रांगेतून प्रश्न आहे, मोबाईलच्या ग्रुपवर रोज ऑप्शनच्या टिपा येतात, त्या कशा. दादा, सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये अभ्यास जाहीर केला. फ्युचर्स आणि ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या सामान्य लोकांपैकी तीन वर्षांत त्र्याण्णव टक्के तोट्यात होते, आणि एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर. टिपा देणारा स्वतः त्या उरलेल्या सात टक्क्यांत असता, तर त्याला तुमच्याकडून महिना दोन हजार फी कशाला लागली असती?

काका, तुमचा प्रश्न शेवटी घेतला. ठेव मोडू का? सगळी एकदम मोडू नका. पावत्या घरी नेऊन मुदतीच्या तारखा बघा. ज्यांची मुदत तीन-चार महिन्यांत संपते त्या तशाच संपू द्या, फक्त नूतनीकरणाच्या फॉर्मवर सही करू नका. लांबच्या पावत्या मुदतीआधी मोडल्या तर किती व्याज कापतात ते लेखी विचारा. संस्थेचा ऑडिट वर्ग कोणता, अ की ब की क, ते विचारा. सभासद म्हणून तो विचारायचा तुम्हाला हक्क आहे. सांगायला टाळाटाळ झाली तर तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांच्या कार्यालयात जा. फक्त एक बघून घ्या, नावात "मल्टिस्टेट" आहे का. असेल तर ती संस्था केंद्रीय निबंधकांकडे नोंदलेली असते, तालुक्याचं कार्यालय तिच्याबद्दल फारसं काही करू शकत नाही. आणि वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत व्हावी लागते. अहवालाचं पुस्तक आधी मागून घ्या, थकबाकीचं पान आम्ही तुमच्याबरोबर बसून वाचू. येताना सगळ्या पावत्या आणा, झेरॉक्स नको, मूळ पावत्या. नॉमिनीचं नाव लिहिलंय का तेही त्याच वेळी बघू.